तळ्यातली गढी आणि आमच्या बाई

बाईंनी आयुष्यभर एकच चित्र काढलं, असं त्या गावात अजूनही हसून सांगतात. सांगणाऱ्यांनी बाईंच्या पलंगाखालची लोखंडी ट्रंक उघडून पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. तीत तळ्यातल्या गढीची इतकी जलरंगचित्रं आहेत की सगळी मांडायची म्हटली तर खोलीत चालायला जागा उरत नाही, आणि त्यांतली कुठलीही दोन सारखी नाहीत. एकात बुरुजावर बगळा बसलाय. एकात तटावर कुणी गोधडी वाळत टाकलीय. एकात गढी जवळजवळ नाहीच. नुसतं धुकं, आणि धुक्यात डाळिंबाचं एक लाल फूल. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, लोकांना तुम्ही हे दाखवत का नाही?" बाई ब्रश धूत होत्या. म्हणाल्या, "लोक रोज तीच भाकर खातेत. त्यांना म्हणाव, आधी मला दोन भाकरी सारख्या करून दाखवा."

गाव जळकोट आणि उमरग्याच्या मध्ये, हायवे सोडून आत. नळदुर्ग तिथून फार लांब नाही, त्यामुळे सहली, लग्नाआधी फोटो काढणारी जोडपी आणि ड्रोनवाले सगळे नळदुर्गाला जातात. या गढीकडे कुणी येत नाही. निजामाच्या राज्यात कुणा जहागीरदारानं तळ्याच्या मधल्या उंचवट्यावर ती बांधली. चार बुरूज, त्यातला एक ढासळलेला, आत वाड्याची जोती, आणि तटाच्या आत बेगमेसाठी केलेली बाग. बेगम गेली, जहागीरदार गेला, निजाम गेला. बाग राहिली, कारण बागेत खपणाऱ्या बायका राहिल्या. गावातल्या ठरावीक घरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथं शेवंती, झेंडू, मोगरा लावत आल्यात आणि फुलं तुळजापूरला जातात. जमीन सरकारी. सातबारावर या बायकांचं नाव कधीच नव्हतं.

तळं भरलेलं असलं की गढीत जायला होडी नाही, काहील आहे. ज्या भल्यामोठ्या कढईत उसाचा रस आटवून गूळ करतात, ती जुनी काहील पाण्यात सोडायची, तीत बसायचं आणि पत्र्याच्या तुकड्यानं पाणी मागं सारायचं. काहील सरळ जात नाही, स्वतःभोवती गिरक्या घेत जाते. पहिल्यांदा मी काठ घट्ट धरून डोळे मिटले होते. बाई मधोमध, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड उभा धरून अशा ताठ बसल्या होत्या की जणू गढीच त्यांच्याभोवती फिरत होती. "डोळे उघड गं," त्या म्हणाल्या. "फुकटात चारी बाजू दिसतेत."

मी ढोकीची. माझे वडील साखर कारखान्यात होते आणि कामगारांची पत्रकं आमच्या घरात लिहिली जात. शाईचा वास असलेल्या त्या गठ्ठ्यांवर मी झोपले आहे, त्यांवरच अक्षरं शिकले आहे. बाकीची पोरं अ अननसाचा म्हणत होती तेव्हा माझा अ अन्यायाचा होता. त्या गावच्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला गेले तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन, आणि जगातलं जे काही चुकीचं आहे ते एका चांगल्या पत्रकानं सरळ होईल यावर माझा पूर्ण विश्वास होता. तो विश्वास आजही मी सोडलेला नाही. फक्त चांगलं पत्रक कशाला म्हणायचं, हे मी बाईंकडून शिकले.

बाई त्याच शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. घरात कानडी बोलणाऱ्या आईबरोबर वाढल्या. आई गेल्यावर कानडी बोलायला माणूस उरलं नाही म्हणून रंगांशी कानडी बोलत. कागदावर रंगाचा हात फिरला आणि मनासारखा बसला की हळूच म्हणत, "साकु, साकु." म्हणजे पुरे. हे 'साकु' त्या माणसांनाही म्हणत. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं की पहिल्या रांगेतून 'साकु' ऐकू येई, असं जुने शिक्षक सांगतात.

त्यांच्याकडे खोली भाड्यानं मिळेल का विचारायला गेले तर बाईंनी माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. पुढ्यात कागद आणि पेन्सिल ठेवली.

"तांब्या काढ."

"बाई, मी खोलीसाठी आलेय."

"तेच बघतेय. काढ."

समोर पाण्याचा तांब्या होता. मी काढला. शाळा सुटल्यापासून मी चित्र काढलं नव्हतं. बाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"वाकडा हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यो पोचा तू काढलास. तांब्याला पोचा हाय. आधीच्या दोघांनी काढला न्हवता. ऱ्हा."

मग अटी. उत्तरेच्या खिडकीला पडदा लावायचा नाही, कारण तिथला उजेड त्यांचा. दारात रांगोळी काढायची असेल तर ठिपक्यांची नको, हातानं काढायची. आणि त्यांच्या रंगाच्या पाण्याला हात लावायचा नाही.

या पाण्याचं मोठं प्रकरण होतं. बाई गढीचं चित्र फक्त तळ्याच्या पाण्यानं रंगवत. ज्याचं चित्र, त्याचं पाणी, असा त्यांचा नेम. घरात बाटल्यांची रांग असे, एकीत तळ्याचं पाणी, एकीत विहिरीचं, एकीत हापश्याचं. अंगणातला शेवगा काढायचा तर हापश्याचं पाणी, कारण शेवगा त्यावर वाढलेला. पावसाळ्यात तळ्याचं पाणी गढूळ होई, मग त्या महिन्यांतली गढी तांबूस दिसे. उन्हाळ्यात तळं आटलं की बाई गढीचं चित्र बंद करत. "गढीला प्यायला मिळालं न्हाय तर ती बसून असते. मी कशाला तिच्या तोंडात नळाचं पाणी घालू?" एकदा मी न विचारता त्यांचा ब्रश फिल्टरच्या पाण्यात बुडवला. बाईंनी तो पेला उजेडात धरून पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "आता ह्या ब्रशानं फिल्टरचं चित्र काढ."

दुसरं प्रकरण पांढऱ्या रंगाचं. बाईंच्या पेटीत पांढरी ट्यूब नव्हती. जलरंगात पांढरं कागदाचंच असतं, ते सोडायचं, लावायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. शाळेत ज्या पोराच्या पेटीत पांढरी ट्यूब दिसेल ती जप्त होई. कपाटाचा एक आख्खा खण अशा वाळून दगड झालेल्या ट्यूबांनी भरलेला होता. गावचा सरपंच त्यांचाच विद्यार्थी. पोट सुटलेला, मिशीला रंग लावणारा माणूस. पण बाईंच्या घरी आला की उंबऱ्यावर चपला नीट जोडून ठेवी. एकदा गमतीनं म्हणाला, "बाई, आता तरी माझी पांढरी द्या की."

"चित्र आणलंस का दाखवायला?"

"आता कुठलं चित्र बाई, सरपंच झालो!"

"मग तुला पांढऱ्याचं काय काम?"

मीही एकदा त्यांच्या तपासणीला सामोरी गेले. शाळेतल्या तासिकांवाल्या शिक्षकांसाठी मी एक पत्रक लिहिलं होतं आणि ते बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात धिक्कार होता, जळजळीत निषेध होता, रक्ताचा थेंब न् थेंब होता. वाचून संपलं. बाई म्हणाल्या, "सगळं लालच लावलंयस. डोळ्याला थांबायला जागा कुठंय?" मी म्हटलं, अन्याय झाला की माणूस थांबत नाही. "अगं पण वाचणारा थांबला पाहिजे ना," बाई म्हणाल्या. त्या रात्री मी पत्रक अर्धं केलं. ते अर्धं पत्रक शिक्षकांनी खिशात घालून नेलं. आधीची माझी पत्रकं बहुतेक जमिनीवर सापडत.

बाई मऊ स्वभावाच्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. एका प्रदर्शनात स्थानिक कलाकार म्हणून त्यांना बोलावलं होतं. शाल-श्रीफळ झालं. बाईंनी विचारलं, माझी चित्रं कुठं लावलीत? तर ती चहाच्या टेबलामागं, समोशांच्या परातीच्या वर. बाईंनी एकेक चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळलं, शाल खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली आणि एस.टी.नं परत आल्या. नारळ मात्र आणला. "नारळाचा काय गुन्हा?" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी चटणी केली.

पण त्यांच्या मनात एक इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. गढीचं एक मोठं चित्र, काच-फ्रेम लावून, जिथं येणारी-जाणारी माणसं उभं राहून बघतील अशा जागी लागावं. आपल्या नावासाठी नाही, असं म्हणत. "नळदुर्ग सगळ्यांनी बघितलाय. ह्या बिचारीला एकदा कुणी तोंड वर करून बघू दे."

आणि ती जागा त्यांना देऊ करणारा माणूस आला.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तळं काठोकाठ होतं. गढीचं सुशोभीकरण होणार, अशी बातमी गावात फिरली. सुशोभीकरण हा शब्द मला तेव्हाही चीड आणायचा, आताही आणतो. जिथं सकाळी शेवंतीचे वाफे पिवळेधमक दिसतात तिथं शोभा आणणार म्हणजे काय करणार? पंचायतीसमोर एक भला मोठा फ्लेक्स लागला. त्यात गढी होती, पण ओळखू येत नव्हती. चारही बुरूज शाबूत, मधे हिरवं लॉन, कारंजी, माडाची झाडं, आणि लॉनवर टोपी घातलेलं एक गोरं जोडपं. ठेकेदाराचा माणूस, ज्याला सगळे साहेब म्हणत, कागदपत्रांतून सांगे की नोंदीप्रमाणे बाग पडीक आहे. पडीक जागा आम्ही हिरवी करतोय. गावाचा ठराव मिळाला की काम सुरू.

फुलवाल्या बायकांना सांगण्यात आलं की झाडलोटीला बायका लागतील तेव्हा बघू.

मी पत्रक लिहिलं. या वेळी बाईंची शिकवण आठवून नेमकं लिहिलं, छापून आणलं, आणि पहाटे काठावर जाऊन बायकांना वाटलं. दोन दिवसांनी बाई फुलं घेऊन आल्या. फुलांची पुडी माझ्याच पत्रकाची. "चांगलं झालंय तुझं पत्रक," बाई म्हणाल्या. "पुडी घट्ट बसते." बायकांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेब सरपंचाला घेऊन बाईंच्या घरी आला. मी ओट्यावर वह्या तपासत होते.

"बाई, गावाचा फ्लेक्सवर विश्वास बसेना झालाय," सरपंच चपला जोडत म्हणाला. "लोक म्हणतेत, ही आपली गढीच न्हाय. म्हटलं, तुमच्या हातचं चित्र असलं की सगळे ऐकतेत. सगळ्या गावाला तुम्हीच तर बघायला शिकवलंय."

"ग्रामसभेत तुमच्या चित्राचं अनावरण करू," साहेब म्हणाला. "मग फ्रेम करून गढीच्या प्रवेशद्वारात कायमचं लावू. मोठं. तुमच्या नावानिशी."

बाईंनी विचारलं, "गढी आणि बाग, दोन्ही?"

"बाग तर पाहिजेच! बाग मुख्य."

"काढते," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी वह्या फेकल्याच. "बाई, तुम्ही त्यांच्या बाजूनं झालात?"

"गढीला चार बाजू हायत. मी कुठल्या बाजूनं झाले?"

"शब्दांचे खेळ नकोत बाई. त्या चित्रावर बोट ठेवून हे लोक ठराव करून घेतील. बागेत खपणाऱ्या सोजरआत्या काय करणार? पारू काय करणार?"

"मी बाग काढणार म्हणाले. त्यांनी बी बागच मागितली." त्या उठून कागद शोधायला लागल्या. "तू कागद वाचतीस, म्हणून तुला राग आला. मी तिथं जाऊन बघणार हाय. तू बी चल रविवारी, नुसती चिडून बसू नको."

त्यांनी कोल्हापूरहून आणून ठेवलेला सगळ्यात मोठा कागद काढला. तो त्या कित्येक वर्षं जपून होत्या. तो भिजवला, बोर्डावर ताणून चारी कडांना चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे फुलवाल्यांच्या काहिलीतून बाई गढीत जाऊ लागल्या.

रविवारी मीही गेले. सूर्य तळ्याच्या पलीकडं उगवत होता आणि बायका वाफ्यांत वाकून शेवंती खुडत होत्या. बाई ढासळलेल्या बुरुजाच्या दगडावर बसून होत्या. रंग अजून लावत नव्हत्या, नुसतं बघत होत्या.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"फुलं. बायका."

"बायका कशावरून ओळखतीस कोण कुठली? तोंड तर कुणाचंच दिसत न्हाय."

मी पाहिलं. खरंच, खुडताना सगळ्या पाठमोऱ्या. मग बाईंनी दाखवलं. फुलं टाकायला प्रत्येकीनं झोळी बांधलेली होती, आणि झोळीची गाठ प्रत्येकीची निराळी. सोजरआत्या, वयानं सगळ्यांत मोठी, पदर पाठीवरून घेऊन डाव्या कुशीवर गाठ मारी. पारूचा पदर मानेमागून फिरून दोन्ही खांद्यांखालून येई. तिसरी जुन्या धोतराचा तुकडा कमरेला दुहेरी गुंडाळी. "ज्या घरात नांदायला आली त्या घरची गाठ," बाई म्हणाल्या. "सासू सुनेला पहिल्या दिवशी हीच शिकवते. सोजरची गाठ मी माझ्या लहानपणी तिच्या आजेसासूच्या कुशीवर बघितलीय." मी त्या गावात दोन वर्षं राहत होते, याच बायकांसाठी पत्रकं लिहीत होते, पण एवढ्या सावकाश मी त्यांच्याकडं पहिल्यांदाच पाहत होते.

मग बाईंनी सुरुवात केली. जलरंगात आधी फिकं, मग गडद. त्यांनी बागेवर सगळीकडं फिकट हिरव्याचा एक सलग हात फिरवला. मधे मधे मात्र जागा कोरडी, पांढरीच ठेवली. लहान लहान उभे तुकडे, कागदाचेच. "साकु," म्हणाल्या आणि वाळायला ठेवलं.

नेमका त्याच वेळी साहेब आला. काहिलीत बसून त्याचा जीव गोळा झाला होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि त्याला लवकर परत जायचं होतं. त्यानं चित्राकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा! लॉन काय सुंदर आलंय बाई. एकदम मखमल!"

साहेबानं पांढऱ्या तुकड्यांवरून बोट फिरवलं.

"आणि ही कारंजी ना?"

"भरल्यावर दिसंल," बाई म्हणाल्या. "बसा की. वाळू द्या, मग पुढचा हात."

"नाही नाही, बघितलं ना, झालं." तो गेला, आणि चित्र एकदम आराखड्यासारखं होतंय असं त्यानं सरपंचाला सांगितलं.

काहील लांब गेल्यावर मी हसू आवरत म्हटलं, "बाई, तुम्ही त्याला सांगितलं नाही."

"बसा म्हणाले की मी. त्यो थांबला न्हाय." त्यांनी ब्रश उचलला. "शाळेत बी असलीच पोरं नापास व्हायची."

ग्रामसभा पंचायतीपुढच्या पटांगणात भरली. पुरुष पुढं खुर्च्यांवर आणि सतरंजीवर, बायका मागं भिंतीला लागून. फुलवाल्या बायका आल्या होत्या, कारण बाईंनी प्रत्येकीच्या घरी जाऊन 'या' म्हणून सांगितलं होतं. साहेबानं आधी भाषण केलं. विकास, पर्यटन, रोजगार. मग म्हणाला, आता आपल्याच बाईंच्या कुंचल्यातून उद्याची बाग बघू या, आणि सरपंचानं चित्रावरचं कापड ओढलं.

मी पहिल्यांदा पूर्ण चित्र तिथंच पाहिलं. आजवर मी पाहिलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा ते मला जास्त आवडतं. पाण्यात उभी गढी, ढासळलेला बुरूज ढासळलेलाच, तटावर वाळत घातलेली लुगडी, आणि तटाच्या आत पिवळ्या-केशरी वाफ्यांतून वाकलेल्या पाठमोऱ्या बायका. हिरवं खाली होतं, पण आता ते शेवंतीच्या पानांचं हिरवं होतं. जिथं जिथं पांढरं सोडलं होतं तिथं तिथं एक बाई वाकलेली होती.

साहेब पुढं झाला, चित्राजवळ वाकला.

"बाई, इथं लॉन होतं! मी स्वतः पाहिलं!"

"ते खालचं अस्तर होतं."

"आणि कारंजी?"

"ती भरली," बाई म्हणाल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब हुशार माणूस होता. तो लगेच सावरला आणि लोकांकडं वळला. "ठीक आहे. कलाकाराची कल्पना असते, आपण तिचा आदर करू. पण मंडळी, नोंदीप्रमाणे बाग पडीक आहे. वहिवाट कुणाची नाही. चित्रात कुणालाही उभं करता येतं. बघा ना, या बायकांना तोंडंसुद्धा नाहीत. कोण आहेत या?"

माझ्या ओठांवर सगळं भाषण तयार होतं. मी उठणार तेवढ्यात बाईंनी माझा हात धरून खाली दाबला. "साकु," त्या कानात म्हणाल्या. "तू न्हाय."

मागून सोजरआत्या उठल्या. ग्रामसभेत त्या बायकांपैकी कुणी तोवर एक शब्द बोललं नव्हतं. त्या सतरंजीवरच्या पुरुषांमधून वाट काढत चित्रापाशी आल्या.

"कोण म्हंजी?" त्या म्हणाल्या. "ही म्या हाय."

"आत्या, तोंड कुठं दिसतंय त्यात?" साहेब हसून म्हणाला.

"तोंडाचं काय करायचंय? गाठ बघा की." आणि भर सभेत, सरपंचाकडं पाठ करून, आत्यांनी पदर पाठीवरून ओढला आणि डाव्या कुशीवर गाठ मारली. चित्रातली गाठ आणि ती गाठ एकच. "ही माझ्या सासूची. तिला तिच्या सासूनं दिली. निजाम होता तवापास्नं हीच गाठ त्या वाफ्यात वाकतीया. आन तुम्ही पडीक म्हंता व्हय?"

पारू उठली. तिनं मानेमागून पदर फिरवला आणि आत्यांच्या शेजारी पाठ करून उभी राहिली. "अन् ही म्या. मोगऱ्याच्या वाफ्यातली." मग तिसरी. मग एकेक करत सगळ्याच आल्या, कुणी हसत, कुणी लाजत, कुणी नवऱ्याकडं न बघता. व्यासपीठाकडं पाठ केलेल्या, झोळ्या बांधलेल्या बायकांची ओळ तिथं उभी राहिली. साहेब बोलत होता, पण त्याला बोलायला समोर एकही तोंड उरलं नव्हतं.

पुरुषांतला एक म्हातारा काठी टेकत उठला. चित्रातल्या कडेच्या एका पाठीकडं बोट करून म्हणाला, "ती आमच्या घरची गाठ हाय. सूनबाई, हितं कशाला बसलीस, जा की तिथं!" पटांगण हसलं, आणि त्या हसण्यात ठराव बुडाला. सरपंचानं हात वर करायला सांगितलं तेव्हा बाजूनं हात वर झाले ते ठेकेदाराच्या माणसांचे, आणि त्यांना गावात मत नव्हतं. इतिवृत्तात पडीक शब्द आला नाही. बाग वहिवाटीतली आहे, असं लिहिलं गेलं आणि ते सोजरआत्यांनी सरपंचाला मोठ्यानं वाचायला लावलं.

हे सगळं कायमचं मिटलं असं मी म्हणणार नाही. फाइली मरत नाहीत. उद्या दुसरा आराखडा येईल, दुसरा साहेब येईल, आणि मी पुन्हा पत्रक लिहीन. प्रवेशद्वारातली ती मोठी फ्रेम अर्थातच आली नाही. बाईंना गढीसाठी जी जागा हवी होती, ती त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी मात्र आज जिथं जाते तिथं सांगते की माझ्या घरमालकीणबाई जलरंगात चित्रं काढतात, आणि सांगताना माझी मान ताठ होते.

सभा पांगली तेव्हा फुलवाल्या बायका चित्राभोवती जमल्या होत्या. आपापली पाठ शोधून बोटं लावत होत्या. बाई त्यांना "हात लावू नका गं, ओलं हाय" म्हणून दटावत होत्या, आणि ते ओलं मुळीच नव्हतं. सोजरआत्यांनी मात्र आपल्या पाठीला बोट लावलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. मग विचारलं,

"बाई, माझी पाठ एवढी वाकलीय व्हय?"

आजूबाजूच्या बायका थांबल्या. कुणालाही वाटलं असतं, बाई आता काहीतरी गोड बोलतील. बाईंनी चित्राकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं, आणि म्हणाल्या,

"व्हय. वाकलीय."

सोजरआत्यांनी मान हलवली.

"मग ऱ्हाऊ द्या तशीच," त्या म्हणाल्या. "वाकली ती हितंच वाकली."